काही अडलं तर

कारखान्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये कांचन शिरली, तर तिच्या खुर्चीवर कुणी अनोळखी माणूस बसलेला.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

तो गडबडून उठला. हा अच्युत दामले. कारखान्याची नवी युनिक्स यंत्रणा बसवायला पुण्याहून तीन महिन्यांसाठी आला होता. त्र्याण्णव सालची थंडी, त्यात एसीचा गारठा. कांचननं शाल सावरली आणि रोजच्या चार ओळी टाइप करायला घेतल्या... प्रिंटर कुठला, प्रोग्रॅम कुठे ठेवलेत...

"हे रोज टाइप करता?" मागून प्रश्न आला.

"मग? लॉगआउट केलं की मशीन सगळं विसरतं."

"याच ओळी तुमच्या प्रोफाइल फाइलीत लिहून ठेवा ना. लॉगिन केलं की शेल, म्हणजे आपल्या कमांड ऐकतं ते, आधी तीच फाइल वाचतं."

"अय्या! मला मालूमच नव्हतं."

"मालूम?" तो हसला.

"कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये वाढलेय मी. इथं सगळे हिंदीच बोलतात, इथं मालूमच असतं."

"बरं. मग हेही मालूम करून घ्या — शेवटी एक्सपोर्ट लिहायचं. नाहीतर ते शेलपुरतंच राहतं, त्यानं सुरू केलेल्या प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही."

"म्हणजे मनातल्या मनात?"

"अगदी तसंच," तो म्हणाला, आणि जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मग दिवस कसे गेले कळलं नाही. दुपारचा चहा दोघांचा एकत्र होऊ लागला. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात तो एकदा समोर आला, तेव्हा आईसमोर कांचनला त्याचं नाव सांगतानाही अडखळायला झालं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. बोलायचं ते मात्र राहूनच गेलं. मार्चमध्ये तो निघाला. गेटपाशी रिक्षा थांबलेली, आणि त्याच्या तोंडून आलं ते एवढंच — "काही अडलं, तर फोन कर."

पण त्यानं इतकं नीट शिकवलं होतं, की काही अडतच नव्हतं! सकाळी टर्मिनल सुरू करताना तिला वाटे, आज तरी काहीतरी बिघडू दे. एप्रिल गेला. टाउनशिपमधले गुलमोहर लाल झाले. घरी आईनं ग्वाल्हेरच्या एका स्थळाचा विषय काढला. कांचन ताटातला भात चिवडत राहिली.

आणि मे महिन्यात खरंच बिघडलं. तिच्याच हातून. सगळ्यांसाठी असलेल्या प्रोफाइल फाइलीत तिला एक नवी डिरेक्टरी जोडायची होती. लिहिताना पाथमधल्या, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीतल्या, जुन्या डिरेक्टरी तशाच ठेवायला ती विसरली. मग काय! कमांड कुठे शोधायच्या हेच मशीनला कळेना. साधी फाइलींची यादी मागितली तरी उत्तर एकच : सापडत नाही.

"पुण्याला दामल्यांना फोन लावा!" सेंटरप्रमुख केळकरसाहेबांनी टेलिफोन ऑपरेटरला सांगितलं आणि ते तणतणत मीटिंगला गेले.

कांचननं घाम पुसला. एडिटर कुठे असतो ते तिला पाठ होतं. तिनं त्याचा पूर्ण पत्ता टाइप केला, फाइल उघडली, ओळ दुरुस्त केली, पुन्हा लॉगिन केलं. सगळं सुरळीत.

तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, कांचन? काय झालं गं?"

इतक्या दिवसांनी तो आवाज...

"पाथ... पाथ गेलाय. एकही कमांड चालत नाही."

"घाबरू नकोस. आधी एडिटरचा पूर्ण पत्ता टाक." तो सावकाश एकेक अक्षर सांगू लागला. ती "हं... हं..." म्हणत राहिली. हात मांडीवर, डोळे मिटलेले.

"आता पुन्हा लॉगिन कर. काय दिसतंय?"

तिनं डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं.

"कांचन?"

"सगळं चालू आहे, अच्युत. तुझा फोन यायच्या आधीच मी नीट केलं होतं."

"मग मला एवढं सांगायला का लावलंस?"

"तू बोलत होतास... म्हणून." मग ती एका दमात म्हणाली, "तू गेल्यापासून इथं करमत नाही मला. घरी ग्वाल्हेरचं स्थळ बघतायत. मला तिथं नाही जायचं."

तारेवर नुसती खरखर. लाइन तुटली की काय... तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"कांचन," तो हलकेच म्हणाला, "तुझे बाबा रविवारी घरी असतात?"

"असतात," ती म्हणाली. "दिवसभर असतात."