मैदानावर निघालेली सून

"शोधू नकोस. चुलीत आहेत तुझे बूट," झुराकान गोवऱ्या सारत सुनेला म्हणाली. "नवरा मॉस्कोत राबतोय, आणि ही गावापुढे उड्या मारतेय."

कुंदुझ दारातच थिजली... नारीन नदीच्या त्या गारठलेल्या खोऱ्यात गावच्या सुना संध्याकाळी शाळेमागे व्हॉलीबॉल खेळत. दिवसभर गोठा आणि धारा यांत पिचून गेलेला तिचा जीव त्या तासाभरात मोकळा श्वास घेई, आणि नेमका तोच श्वास सासूच्या डोळ्यांत सलत असे.

फाटकाशी संघातली बात्मा हाका मारू लागली, तशी झुराकान बाहेर धावली.

"ती येणार नाही. तुम्हाला घरदार नसेल, तिला आहे."

"आहे ना, काकू. कोणाच्या जिवावर उभं आहे, ते तुम्हालाच ठाऊक."

झुराकानचा चेहरा उतरला. दार आपटून ती आत आली. "काय गं, काय भरवतात या सटव्या तुझ्या कानात?"

इतके दिवस अंतःकरणात दाबून ठेवलेलं दुःख कुंदुझच्या ओठांवर आलं, पण आवाज चढला नाही.

"तुमच्या तालंतनं तिकडे मॉस्कोत दुसरं लग्न केलंय. मूलही झालंय. हेच मला कळू नये म्हणून कोंडत होतात ना, आई?"

म्हातारीनं दाराची कडी लावली. "कधी कळलं?"

"दोन हिवाळ्यांपूर्वी, मैदानावरच, बायकांच्या बोलण्यातून. मी तशीच नदीकडे निघाले होते... या सटव्यांनीच मला धरून परत आणलं. रोज खेळायला ओढून नेलं. म्हणून जिवंत आहे मी."

"मग माहेरी का नाही गेलीस? माझी बोलणी खात इथे का राहिलीस?"



"मला त्या आहेत, आई. तुम्हाला कोण आहे? सणालासुद्धा आपल्या दारात कुणी येत नाही..."

झुराकानच्या निब्बर गालांवरून आसवं ओघळली. लेकाचं पाप झाकता झाकता आपण या निष्पाप जिवाला जाळत आलो, आणि ती मात्र सासू एकटी पडू नये म्हणून सोबत करत राहिली होती...

दुसऱ्या दिवशी कुंदुझ उसन्या बुटांत खेळत होती; खेळ रंगात आला असताना झुराकान मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. खेळ एकदम थांबला. कुणी हसलं नाही, कुणी या म्हणालं नाही. मग बाकावर बसलेली बात्मा, तिच्याकडे न बघताच, थोडी बाजूला सरकली.