कालव्यापलीकडची रिकामी जागा

पाटीवरची अक्षरं देखणी होती, हीच खरी पंचाईत झाली.

त्या दिवशी सकाळी बेबीने बेकरीचं दार उघडलं, तर दारात शिडी. शिडीवर दोन पाय, पायांत रंगाचे शिंतोडे उडालेल्या चपला. आणि वरून आवाज आला, "शिडी धरा जरा. जमीन उतरती आहे इथं."

आवाजात अशी काही निवांत खात्री होती, की तिने हातातला पावांचा ट्रे खाली ठेवला आणि निमूट शिडी धरली. वरचा माणूस शीळ घालत होता. निळ्या रंगाचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला, तेव्हा कुठे तिने मान वर करून पाहिलं. समोरच्या खांबावर पाटी, आणि पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'नियोजित महामार्ग या जागेतून जाईल.' शेवटच्या शब्दावरची रेघ तेवढी ओढायची राहिली होती.

"ही जागा म्हणजे कुठली?" बेबीने विचारलं.

"ही काय, तुम्ही उभ्या आहात ती."

"मी आमच्या बेकरीच्या दारात उभी आहे."

शीळ थांबली. वरून एक सावळा, लांबोडका चेहरा वाकून खाली बघू लागला. "अहो... शिडी धरली आहे ना?"

"धरली आहे. सोडावी का, त्याचाच विचार चाललाय."

"तेवढी रेघ होऊ द्या. अर्धं अक्षर टाकून पडलो तर मेल्यावरही चैन पडायचं नाही मला."

तिने शिडी सोडली नाही. दया आली म्हणून नव्हे, असं ती पुढे जन्मभर सांगायची; रेघ कशी ओढतो ते बघायचं होतं म्हणून. त्याने कोपर खांबाला टेकवलं, श्वास रोखला आणि एका दमात, न थरथरता, डावीकडून उजवीकडे रेघ आली. आपल्याच घरावर फिरणाऱ्या नांगराकडे बघत राहावं तशी ती त्या रेघेकडे बघत राहिली.

खाली उतरल्यावर त्याची नजर आधी भट्टीच्या धुराड्याकडे गेली, मग तिच्या मनगटाकडे. खिशातून रॉकेलचा बोळा काढून त्याने पुढे केला. "पुसून टाका. वाळला की निघत नाही." आणि शिडी खांद्यावर टाकून, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखा घुटमळत तो गेला.

बेबी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण पंचविशी आली तरी घरात आणि गल्लीत ती बेबीच होती. आई लवकर गेलेली. वडील आणि ती, दोघं मिळून बेकरी चालवत. भट्टी आजोबांनी बांधलेली, विटांची, घराच्या पोटात बसवलेली. कपाट हलवता येतं, माणसं हलवता येतात. ती भट्टी हलवायची म्हणजे फोडायचीच. बाबा त्या पाटीकडे एकदा बघून आत गेले आणि दिवसभर भट्टीपासून हलले नाहीत.

गल्लीने समिती केली. बैठका बेकरीत, कारण तिथे ऊब असे आणि चहाबरोबर बिस्किटांचे तुकडे मिळत. निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष झाले आणि चिटणिसाचं काम आपोआप बेबीच्या गळ्यात पडलं. तिची पद्धत साधी होती. सकाळी सायकलवरून पाव टाकताना प्रत्येक दारात ती निरोपही टाकायची. कुणाची सासू विरोधात आहे, कुणाचा नवरा 'भरपाई मिळेल' म्हणून मनातून खूश आहे, कोण सभेला येतो म्हणतो आणि येत नाही, सगळं तिला ठाऊक. हेडमास्तरांच्या भाषणाने टाळ्या मिळत. माणसं मिळत ती बेबीच्या फेरीमुळे.

मोर्चासाठी पाट्या हव्या होत्या. गावातला नेहमीचा रंगारी कचेरीची कामं करायचा, ती जातील म्हणून त्याने हात वर केले. तेव्हा पलीकडे आणखी एक पेंटर आहे असं ऐकून बेबी पायपुलावरून कालव्यापलीकडे गेली. गावातलं सहसा कुणी तिकडे जात नसे. पलीकडे आहे काय, असंच सगळे म्हणायचे.

पलीकडे पत्र्याची एक शेड होती. शेडमध्ये तोच शिडीवरचा माणूस. सगळे त्याला नुसतं पेंटर म्हणत. भिंतीला महामार्गाच्या आणखी दोन पाट्या वाळत टेकवलेल्या.

"दोन्हीकडची कामं घेता?" तिने दारातूनच विचारलं.

"मी अक्षरं विकतो, मत नाही."

"मग तुमचं मत कुठं असतं?"

"मला मत कुणी विचारत नाही. पाटी किती फुटांची, एवढंच विचारतात." त्याने तिच्या हातातला मजकूर वाचला आणि मिश्यांत हसला. "यात 'निषेध' तीनदा आलाय. एकदाच ठेवा. मोठा करून देतो, लांबून ऐकू येईल असा."

दिवस ओलसर होते. हवेत दमटपणा, अधूनमधून भुरभुर. रंग वाळायला वेळ लागे. "आज नाही वाळली, उद्या या," तो म्हणायचा. बेबी उद्या सकाळची फेरी संपवून सायकलवरून पुन्हा जायची. उद्याही पाटी ओलीच असायची. एकदा तिने हळूच बोट लावून पाहिलं, तर रंग खडखडीत वाळलेला.

"ही कालच वाळली असणार."

"असेल." तो ब्रश धुण्यात गढून गेला. "मी... हात लावून पाहिला नाही."

"पेंटर असून?"

"भीती वाटली. वाळलेली निघाली असती तर?"

ती पाटी उचलून निघाली, पण पुलावर पोचेपर्यंत तिच्या गालांवरचं हसू काही केल्या जाईना. घरी आत्या आली होती. तिने भाचीकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "काय गं, रस्ता रद्द झाला की काय?"

रस्ता रद्द झाला नव्हता. उलट सुनावणीची तारीख लागली होती. हेडमास्तर म्हणाले, "साहेब पहिला प्रश्न हाच विचारणार, की इथून नको तर कुठून? उत्तर तयार पाहिजे." त्यांनी नगरपालिकेतल्या नकाशाची नक्कल आणली. त्या नकाशात गाव कालव्याशी संपत होतं. पुढे नुसता पांढरा कागद. हेडमास्तरांनी पट्टी ठेवली आणि त्या पांढऱ्यातून तांबडी रेघ मारली. "ही बघा. रिकामी जागा. कुणाचं काही जात नाही."

सगळ्यांना हायसं वाटलं. बाबांच्या तोंडाला बऱ्याच दिवसांनी चव आली, ते चक्क दोन कप चहा प्यायले. बेबीलाही आनंद झाला. नकाशाची गुंडाळी घेऊन ती तशीच पुलावरून पळत सुटली.

"हा मोठा करून द्यायचा. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसला पाहिजे."

पेंटरने कागद उलगडला. बराच वेळ बघत राहिला. मग नीट गुंडाळून ठेवला. "तुमची भट्टी वाचेल यानं?"

"वाचेल असं हेडमास्तर म्हणतात."

"बरं," तो म्हणाला. "चांगला करून देतो."

पुढचे काही दिवस तो बोलायचा, पण त्याचं लक्ष नसे. बेबीला वाटलं, आपलंच काही चुकलं. सुनावणीच्या आदल्या दुपारी ती पाटी आणायला गेली, तेव्हा पाटी शेडच्या मध्यावर उभी होती. त्याने आजवर केलेल्या कामात हे सगळ्यात सुरेख होतं. गल्ल्या, शाळा, बेकरीचं इवलंसं धुराडं, निळा कालवा, आणि पलीकडच्या पांढऱ्यातून गेलेली तांबडी रेघ. सरळ, कुठे जाडी नाही, कुठे थरथर नाही.

तिला त्याला हसवायचं होतं. म्हणाली, "सगळं गाव काढलंत, स्वतःचं दुकान नाही काढलं. कुठे आहे यात?"

त्याने ब्रश उलटा धरला आणि दांडीचं टोक पाटीवर टेकवलं. अगदी तांबड्या रेघेवर.

"थट्टा करताय."

"नाही." दांडी थोडी सरकली. "इथं पत्रे ठोकणाऱ्याचं घर. इथं कपडे धुणाऱ्या मावशी. ही त्या शेळीवाल्या आजींची खोपटी. तिथूनच येता की तुम्ही, सायकल घेऊन."

बेबीने दांडीच्या टोकाकडे वाकून पाहिलं. आजी रोज हात करायच्या. मावशींच्या दोऱ्यांवरच्या ओल्या चादरी चुकवत ती सायकल काढायची. तरी नकाशावर पांढरं बघितल्यावर तिनेही मान डोलावली होती.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही पाटी सांगितलीत, मी रंगवली. गिऱ्हाइकाशी वाद घालून कसं चालेल?" तो हसायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं. "तुमची भट्टी उचलून नेता येत नाही. माझे डबे-ब्रश एका हातगाडीत मावतात."

"आणि आजींच्या शेळ्या?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. "ते माझं चुकलं," तो हळूच म्हणाला. "मी फक्त... माझाच विचार केला. म्हणजे, तुमचा."

घरी तिने बाबांना सांगितलं. बाबा कणीक मळत होते, ते मळतच राहिले. "पलीकडचं पलीकडचे बघतील. आपण आपलं बघावं."

"त्यांना माहीतच नाही, बाबा. आपण त्यांच्या घरावर रेघ मारली आणि त्यांना सांगितलंही नाही. मग आपल्या दारात पाटी लावणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?"

"फरक हा, की ही भट्टी माझ्या बापानं बांधली."

बेबीने चपला घातल्या आणि उजेड होता तोवर पलीकडे घराघरांत जाऊन आली. या वेळी ती दारातून वळली नाही, आत जाऊन बसली. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझ्याकडून नको म्हणून आमच्याकडून होय? बरी गं तू." बेबीने मान खाली घातली. मावशींनी हातातल्या चादरीची घडी घातली. मग म्हणाल्या, "सांगायला आलीस, हे ठीक केलंस. उद्या किती वाजता यायचं?"

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. हेडमास्तर म्हणाले, "आता आमच्या चिटणीस पर्यायी नकाशा मांडतील." बेबीने पाटी आणली आणि तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवली. सभेत कुजबुज झाली. बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांच्याकडे बघितलं तर आवाज फुटणार नाही हे तिला कळत होतं, म्हणून ती साहेबांकडे बघून बोलली.

"नकाशा चुकलाय. मीच करून घेतला, म्हणून मीच सांगते. कालव्यापलीकडे आम्ही रिकामं दाखवलं. तिथे माणसं राहतात. मी रोज त्यांच्या अंगणातून जात होते, तरी नकाशात नाहीत म्हणून मीही विसरले." तिने दाराकडे हात केला. तिथे मावशी, आजी, पत्रेवाला, त्यांची लेकरंबाळं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांच्या मागे पेंटर. "ही ती रिकामी जागा, साहेब."

साहेबांनी कपाळ पुसलं. "मग बाई, रस्ता न्यायचा कुठून?"

"ते शोधणं तुमचं काम. आमचं काम नको म्हणायचं. ते आता आम्ही दोन्ही काठ मिळून म्हणतोय."

मागून कुणीतरी हसलं. समितीतली दोनचार माणसं चिडून उठली. पण हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उभे राहिले. "दुरुस्ती मान्य आहे," ते म्हणाले. "पट्टी माझी होती." आणि दारातल्या आजींना त्यांनी आपली खुर्ची दिली.

साहेबांनी फेरपाहणीचा शेरा मारला. जिंकलं म्हणावं असं काही झालं नव्हतं. हरलं असंही नाही. बाबा मात्र बेबीशी एक शब्द न बोलता निघून गेले.

पुलावर भुरभुर चालू होती. ती कठड्याला टेकून उभी होती. तो आला आणि थोडं अंतर ठेवून उभा राहिला.

"भट्टी वाचली असती," तो म्हणाला.

"हो."

"आता जाऊही शकते."

"तुमचं दुकानही." ती पाण्याकडे बघत होती. "काल गिऱ्हाइकाचं वगैरे मी ऐकून घेतलं. आता खरं कारण सांगा. गप्प का राहिलात?"

भिजलेल्या मिश्यांवरून त्याने हात फिरवला. "सकाळी या पुलावर तुमची सायकल खडखडते. ती ऐकू आली की मी ब्रश खाली ठेवतो. हात स्थिर राहत नाही... मग वाटलं, हिची भट्टी गेली तर ही कशी दिसेल, ते आपल्याच्यानं बघवणार नाही. त्यापेक्षा आपण कुठंतरी जावं."

"आणि तुम्ही कुठंतरी गेला असतात, तर मी सायकल घेऊन कुणाकडे आले असते?"

त्याने चमकून पाहिलं. "हे... विचारताय, का सांगताय?"

"गावभर लिहीत फिरता. एवढंही वाचता येत नाही?"

तिचा चेहरा पावसाने भिजला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मधलं अंतर कधी मिटलं ते दोघांनाही कळलं नाही. कठड्यावर तिचा हात होता, त्याच्यावर त्याचा आला. खरबरीत, गार.

"दोघांचंही गेलं तर?" त्याने विचारलं.

"तर दोघांनी मिळून तिसरीकडे मांडू. मला विटा रचता येतात."

"मला मातीचा गारा कालवता येतो," तो म्हणाला, आणि मग एकदम लाजला.

घरी बाबा भट्टीसमोर होते. लांब दांड्याच्या फावड्याने पाव बाहेर काढत होते. बेबीने पाठमोऱ्या बाबांनाच सगळं सांगून टाकलं, कारण समोरून सांगण्याचा धीर नव्हता.

"पेंटर?" बाबांनी विचारलं.

"हो."

"पलीकडचा."

"हो, बाबा."

फावडं आत गेलं, बाहेर आलं. बाबांनी एक पाव उलटा करून त्याच्या बुडावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं. "तिकडे सकाळचा पाव कोण पोचवतं?"

"कुणीच नाही. जे मिळेल ते शिळं खातात."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

बाबांनी टोपलीत फडकं अंथरलं, गरम पाव एकेक करून भरले आणि वरून फडक्याचे पदर दुमडले. "ही भट्टी राहील का गं?"

"माहीत नाही, बाबा."

"हं. आहे तोवर तरी..." त्यांनी पुढचं बोलणं गिळलं. "चल. कोण आहेत, कुठं राहतात, बघू तरी."

बेबीने टोपली उचलली. आणि जन्मात पहिल्यांदा, भट्टी पेटती ठेवून, बाबांनी पायांत चपला घातल्या.