अर्धी दवंडी

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत दुपारी भोंगा लावलेल्या रिक्षा नेहमीच यायच्या. कधी शहागंजातला साड्यांचा सेल, कधी कुणाची सभा. रत्नमालाबाई गच्चीवर कुरडया उलटत होत्या. खालच्या आवाजाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. लेकीचं नाव कानावर पडलं आणि हात थांबला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, कडूबा यांची कन्या तनुजा आणि मुंजाबा यांचे चिरंजीव रामहरी यांचे एकाच दिवशी निधन झाले. दोन्ही घरांनी वैर सोडले असून दोन्हीकडची माणसे एकत्र खांदा देतील..."

आवाज शांत होता, लग्नाचं आमंत्रण वाचावं तसा. पुढंही तो काहीतरी सांगत होता, पण बाई तोवर जिना उतरून फोनकडे धावल्या होत्या.

तनुजानं लगेच उचलला. "आई, बाबा हो म्हणाले का?"

जिवंत होती पोरगी! बाईंनी भिंतीला पाठ टेकली. रामहरीसोबत ती घर सोडून गेल्याला महिना होत आला होता. कुठं राहते ते सांगत नव्हती. दोन्ही घरं हो म्हणाली तर येऊ, नाहीतर आम्हाला शोधू नका, एवढंच म्हणायची. पण हो म्हणायचं कुणी? गावाकडं पाचोडला दोघांच्या शेतांचे बांध लागून. मुंजाबाची मेंढरं कडूबांच्या तुरीत शिरली, काठ्या निघाल्या, कडूबांच्या धाकट्या भावाचा डोळा गेला. तेव्हापासून एकमेकांच्या मयतालाही कुणी गेलं नव्हतं.

बाईंनी शेजारच्या मोनिकाला विचारलं, तर ती हसायलाच लागली. "काकू, साड्यांच्या सेलची गाडी ती. मी पण ऐकली ना."

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना त्या दारात उभं करत नसत. पण लेकीच्या जिवाचा प्रश्न आल्यावर कसलं आलंय विज्ञान! रात्रंदिवस एकच विचार डोकं पोखरू लागला. पोरं गेल्यावरच घरं एक होणार असतील, तर घरं एक होऊच द्यायची नाहीत. वैर टिकलं, तर पोरं टिकतील.

आणि नेमका त्याच आठवड्यात कडूबांचा पीळ सुटला. त्यांनी मुंजाबाला निरोप धाडला. रविवारी मुंजाबा आणि त्याची बायको बानाबाई टॉवेल-टोपी, नारळ घेऊन दारात उभे राहिले. कडूबांचे डोळे भरून आले. हेच व्हावं म्हणून बाईंनी नवऱ्याच्या किती विनवण्या केल्या होत्या!

मुंजाबानं टोपी पुढं केली. बाईंनी ती हिसकावून जिन्यावर भिरकावली.

"मेंढरं हाकणाऱ्यांची सोयरीक नको आम्हाला. चालते व्हा!"

मुंजाबानं टोपी उचलली, झटकली आणि तो खाली उतरला. कडूबांनी फोन उचलला. मग आतल्या खोलीत निघून गेले.

बानाबाई तिथंच उभी होती.

"तुमी बी ऐकलं व्हय?" तिनं हळूच विचारलं. "पाचोडच्या बाजारात आली व्हती गाडी. लोक म्हणत्यात, भांड्यांची जाहिरात."

बाईंनी तिचा हात धरला. "मग आलात कशाला? घरं एक झाली की पोरं..."

"तुमच्याच घरचा निरोप आला, वाटलं आता टळलं. तुमी शेवटपर्यंत नाय ऐकलं?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"पोरं कशापायी गेली, ते शेवटी सांगितलं त्यानं." बानाबाईनं पदर तोंडाशी धरला. "पोरीच्या आईनं सोयरीक दारातनं लाथाडली म्हणून."

आतून कडूबांचा आवाज येत होता.

"तुझ्या आईनंच मोडलं गं, तनू. मी तयार होतो."

बाई आत धावल्या. फोन हिसकावला. तो बंद झाला होता.

"काय म्हणाली? रडली का?"

"नाय," कडूबा म्हणाले. "नुसतं बरं म्हणाली. मग रामहरीला म्हणाली, दार लावून घे."