अर्धं पाकीट तुझं

साहेब, टीबीच्या गोळ्या तुमच्यामुळे संपल्या. वेळेत मागवल्या नाहीत, आणि सरकारी औषध केंद्राच्या खिडकीवर पाटी टांगलीत — 'साठा नाही'. त्याच खिडकीसमोर दोन जीव एकमेकांत अडकले, तेही ऐकून घ्या.

नायगावची संपदा क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. खोकल्याचा टीबी निघाला, क्लास सुटला. केंद्रावरच्या रांगेत तिच्या मागे उभा होता पापडीचा केयूर. फुलांच्या वाडीतला, शर्टाला सोनटक्क्याचा वास. दुखणं तेच.

"एवढ्याशा जंतूला एवढ्या गोळ्या कशाला हो मॅडम?"

"तो लपतो ना! आपली पेशी त्याला खायला म्हणून गिळते, आणि हा तिच्याच पोटात संसार थाटतो."

"बिनभाड्याचा? नायगावात बघा की असा एखादा फ्लॅट!"

किती दिवसांनी हसली ती… आणि हसता हसता खोकली. घरी तिचं ताट वेगळं काढलं होतं. हा मात्र तसूभर मागे सरला नाही. छत्री तिच्यावर धरून स्वतः भिजत राहिला.

मग दर खेपेला सोनटक्का. "मास्कमधून वास कुठे येतो?" म्हणायची, आणि घरी जाऊन उशाशी ठेवायची. अहो-जाहो कधी गळलं, दोघांनाही कळलं नाही.

मग ती पाटी लागली. संपदाच्या गोळ्या संपल्या होत्या. केयूरकडे शेवटचं पाकीट होतं — तो ते कात्रीने मधोमध कापून घेऊन आला.

"अर्धं तुझं."

तिचे डोळे भरले. "वेडा आहेस का? अर्ध्यावर थांबलो तर पेशीत लपलेले मरायचे नाहीत, औषधाला सरावतील. मग हीच गोळी ना तुला लागू पडेल, ना मला."

"मग सगळंच घे."

"आणि तू?"

"मला… तू हवीस गं. बाकी बघू."

तिने दोन्ही तुकडे त्याच्या खिशात कोंबले. हात तिथेच राहिला, त्याच्या छातीवर. आत श्वास घरघरत होता.

"मलाही तूच हवास. म्हणून सांगते, एकही गोळी चुकवायची नाही."

"आणि तुझं काय?"

तिने खिडकीची काच वाजवली. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "वरूनच माल नाही."

"वर कोण बसलंय?" संपदाचा आवाज फाटला. "त्यांना आत्ता फोन लावा, आणि विचारा — आज मी कुठली गोळी घेऊ?"