दोन मात्रा जास्त

मंगळावरच्या अरुणवस्तीत त्या दुपारी एक चमत्कारिक गोष्ट घडली. वीस मुलं नवं गाणं गात होती आणि दुसऱ्या ओळीत सगळीच्या सगळी एकाच जागी अडखळली. पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा तिथेच ठेच!

"यामिनीची चालच लंगडी आहे," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

गाणं यामिनी शेळकेनं रचलं होतं. ती तीन महिन्यांपूर्वीच पृथ्वीवरून, सांगलीकडच्या जतहून आली होती. संध्याकाळी हे गाणं ध्वनिमुद्रित होऊन तिच्या आजोबांकडे जायचं होतं. ती मान खाली घालून उभी राहिली. गटप्रमुख इरावतीही सगळ्यांबरोबर हसली. पण पडद्यावरचे शब्द तिनंच टंकले होते. आणि कुणाला न विचारता एक शब्द 'सुधारला' होता.

"चाल लंगडी की ओळ, ते मोजूनच बघू," ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणाऱ्या) दमयंती केळुसकर म्हणाल्या. त्यांनी यंत्र लावलं. प्रत्येक अक्षराखाली चौकोन उमटू लागले.

"'र' म्हणा. आता 'रा' म्हणा. वेळ कशाला जास्त लागला? 'रा'ला. ऱ्हस्व अक्षर ते लघू, त्याची एक मात्रा (उच्चाराच्या वेळेचं माप). दीर्घ अक्षर ते गुरू, त्याच्या दोन. एका मात्रेला एक चौकोन."

पहिली ओळ उमटली : *दूर निळा तो तारा दिसतो.* आठ चौकोन, किंचित विसावा, पुन्हा आठ.

"मात्रांची संख्या ठरलेली असली की ते मात्रावृत्त. तुमच्या टाळीला या आठाची सवय झाली. आता दुसरी ओळ."

*तेथे आजोबा वाट पाहतो.* पहिल्या भागात दहा चौकोन!

"दोन जास्त," बाई पुटपुटल्या. "शिवाय आजोबा 'पाहतो' कसे? 'पाहतात' म्हणावं, तर 'दिसतो'शी यमक (ओळींच्या शेवटी जुळणारा आवाज) तुटतं. यामिनी, तू असंच लिहिलं होतंस?"

यामिनीनं मान हलवली. नाही.

इरावती गप्प बसली असती तर शब्द कुणी बदलला ते कुणालाही कळलं नसतं. पण यामिनी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती, आणि तेच तिला सोसेना.

"मी बदललं," ती कशीबशी म्हणाली. "तिथं 'आजा' होतं. मला ते... गावंढळ वाटलं. आणि सगळे हिला हसले, तेव्हा मीपण हसले."

"माझा आजाच आहे तो," यामिनी हळूच म्हणाली. "मी त्याला आजाच म्हणते."

बाईंनी शब्द बदलला : *तेथे आजा वाट पाहतो.* आठ आणि आठ. मुलं गायली आणि ओळ पाण्यासारखी वाहत गेली. संध्याकाळी गाणं पृथ्वीकडे निघालं.

यामिनी बाकावर एकटीच बसली होती. इरावती लांबच उभी राहिली. जवळ जायला तिला तोंड नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

यामिनी 'असू दे' म्हणाली नाही. तिनं विचारलं, "तुझ्या नावात मात्रा किती?"

इरावतीनं बोटांवर मोजलं. "इ एक, रा दोन, व एक, ती दोन. सहा."

"म्हणजे आठ व्हायला दोन मात्रांचा शब्द पुढे लावावा लागेल."

"कुठला?"

यामिनी बाकावर थोडी सरकली.

"ये," ती म्हणाली.