सॉरीचं माप

माझे इटालियनचे मास्तर म्हणायचे, ‘‘इंग्रजांचं ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणजे फ्री साइझ कपडा. कुणालाही बसतो. इटालियनमध्ये माप घ्यावं लागतं!’’ बसमध्ये धक्का लागला तर ‘स्कूझी’. दुसऱ्याच्या दुःखात ‘मी दिस्प्याचे’, म्हणजे वाईट वाटतंय. आणि चूक आपली असेल तर ‘कोल्पा मिया’, माझा दोष. जन्मभर दुभाषी म्हणून मी ही मापं घेत आले.

त्या दिवशीचं कामही नेहमीचंच होतं. एका शीतगृहात यंत्रं बसवायला आलेला इटालियन मेकॅनिक आत अडकून गारठून मेला होता. दार त्यानंच निष्काळजीपणानं ओढून घेतलं, असं मालकांचं म्हणणं. त्याची बायको एवढ्या लांबून आली होती ती एकच गोष्ट विचारायला. चूक खरंच त्याची होती का?

बैठकीआधी मालकांच्या वकिलांनी मला जिन्यात गाठलं. ‘‘बाई, साहेब सॉरी म्हणतील. त्यातलं दुःख तेवढं पोचवा. दोष नको.’’

‘‘मी पदरचं काही घालत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘तेच म्हणतोय, घालू नका.’’ ते हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

खोलीत निळा गालिचा होता, खिडक्या बंद. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या खांद्यामागे बसायचं आणि त्याच्या वतीनं ‘मी’ म्हणून बोलायचं, ही आमची रीत. मी मालकांच्या मागे बसले. माझ्यामागे नुसती भिंत.

मालक टेबलाकडे बघत म्हणाले, ‘‘आय अ‍ॅम सॉरी.’’

‘‘मी दिस्प्याचे,’’ मी म्हटलं आणि थांबले.

ती बाई मात्र ऐकतच राहिली. मान जराशी कलती करून. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या खांद्यामागे बघत. मध्येच तिनं डोळे पुसले. मध्येच हुंकार दिला.

माझ्या मानेला गार लागत होतं.

मग तिनं विचारलं. मी मालकांच्या कानाशी लागून तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ‘‘म्हणजे आतली कडी आधीपासूनच तुटलेली होती?’’

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘हे तुम्ही सांगितलंत तिला?’’

‘‘मला कुठं ठाऊक होतं?’’

निघताना तिनं माझा हात दाबला. मग माझ्यामागे बघून, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी मान हलवली.

तेव्हापासून मी सॉरी म्हणणंच टाकलं. घरचे मला आढ्यतेखोर म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या आठवड्यात लेक आली, तिच्या बाबांच्या श्राद्धाला. सकाळी तिचा फोन घ्यायचा राहिला होता. बोलता बोलता तोंडून निसटलं, ‘‘सॉरी गं.’’

ती चपला काढता काढता थांबली.

बघत राहिली. माझ्या खांद्यामागे. बराच वेळ.

मग हलकेच म्हणाली, ‘‘आई, बाबांबद्दलचं हे सगळं इतकी वर्षं लपवलंस?’’

मी मागे वळले नाही. मानेला गार लागत होतं, आणि लेक अजून ऐकतच होती.