दहावी पिशवी

माणूस खोटं बोलतो, कचरा नाही, असं यज्ञेशचे साहेब सातो-सान नेहमी म्हणत. ही गोष्ट त्या कचऱ्याचीच आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा, मग या.

यज्ञेश मूळचा पुण्याचा, पाच वर्षं जपानात, सेंदाईत राहिलेला. डोंगरातल्या ओस पडत चाललेल्या गावांत किती घरं नांदती आहेत, किती माणसं उरली आहेत, हे मोजून नकाशावर घालायचं त्याच्या कंपनीचं काम. त्या मंगळवारी त्याच्या वाट्याला हिनोसावा आलं. चिंचोळ्या दरीत ओढ्याच्या दोन्ही काठांना मिळून तेवीस घरं, वर काळपट हिरवं रान आणि बाहेर पडायला एकच रस्ता. कागदावर माणसं दहा होती, पण कागद जुना. दहाच्या खाली माणसं असलेल्या गावाचा रस्ता हिवाळ्यात बर्फातून मोकळा करायचा नाही, असं तिथल्या नगरपालिकेने ठरवलं होतं.

मंगळवार म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. सकाळी आठच्या आत पिशव्या बाहेर यायलाच हव्यात आणि प्रत्येक पिशवीवर घराचा नंबर आणि नाव हवंच. यज्ञेश साडेसातला पोहोचला. रस्त्याकडेला जाळीचा पिंजरा होता, आत नऊ पिशव्या. वर तारेवर कावळे ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. वास मात्र असा, की त्याने नाकाला रुमाल लावला. आंबलेल्या भाताचा, आणि त्याखाली न घासलेल्या तोंडाचा.

"पुण्याचा का रे तू?"

तो दचकलाच. मागे सत्तरीची बाई उभी होती, पायांत रबरी बूट, कमरेला ॲप्रन. गाडीच्या काचेमागचा पुण्याचा गणपती तिने ओळखला होता. या कुमुदिनीकाकू. चाळीस वर्षांपूर्वी एका जपानी माणसाशी लग्न करून या दरीत आल्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

"इथे किती जण राहता, काकू?"

"मोज की. पिशव्या आहेतच."

त्याने घरंच मोजली. तेवीसांपैकी बावीस घरांचे विजेचे मीटर थांबलेले, बहुतेक दारांवर कोळ्यांची जाळी, एका ओसरीतून तर झाड उगवलेलं. धूर फक्त काकूंच्या घरातून येत होता. म्हातारी पक्की आहे, त्याला वाटलं. एकटीच नऊ पिशव्या भरते आणि नऊ नावं घालते. त्याला तिची दयाही आली आणि रागही आला, कारण खोटा आकडा लिहिला असता तर नोकरी त्याचीच गेली असती.

परत पिंजऱ्यापाशी येऊन तो म्हणाला, "काकू, मला एकच लिहावं लागणार."

"एक लिहिलंस की रस्ता बंद. मला खालच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवतील." त्यांचा आवाज खाली गेला. "मग यांचं कोण करणार?"

"कोणाचं?"

काकूंनी पिंजऱ्याचं दार उघडलं. मग यज्ञेशने हातमोजे चढवले आणि लबाडी उघडी पाडायला पहिलीच पिशवी सोडली.

पिशवी कोमट होती. आत भात होता, भाजी होती, मासा होता, सगळं चावलेलं. बारीक चावून, लाळेत घोळवून, घासाघासाने थुंकलेलं. मध्ये कापलेली पिवळी नखं आणि पांढऱ्या केसांचा गुंता. दुसऱ्या पिशवीतही तेच, फक्त घास लहान, दात नसलेल्या माणसाने हिरड्यांनी चिरडल्यासारखे. तिसऱ्या पिशवीत एका घासात अख्खी कवळी रुतून बसली होती, आणि घासातून अजून वाफ येत होती. एका तोंडाचं काम नव्हतं हे. त्याला शिसारी आली.

"चावता येतं त्यांना," काकू हळूच म्हणाल्या. "गिळता नाही येत… मी दोन वेळा रांधते, दारात ठेवते. टाकतात मात्र नीट. गावची शिस्त आहे."

"तुमच्यासकट… नऊ?"

"नऊ. दहावे ओनो-सान. ते मागच्या आठवड्यात मुलाकडे गेले. जिवंत होते ना, त्यांना जाता आलं."

यज्ञेश पिंजऱ्याला धरून वाकला. काकूंनी चटकन एक कोरी पिशवी उघडून पुढे धरली आणि तो तिच्यात भडाभडा ओकला. सकाळची पोळी, चहा, सगळं. कपाळाला घाम, डोळ्यांत पाणी, आणि मनात स्वतःचीच लाज. काकूंनी पाठीवरून हात फिरवला, गाठ मारली आणि काळं मार्कर त्याच्या हातात दिलं.

"नाव घाल हं. नाहीतर गाडीवाले उचलत नाहीत."

आता पुण्यात असता तर त्याने पिशवी नाल्यात भिरकावली असती. पण सेंदाईत बिननावाची पिशवी ठेवली म्हणून शेजाऱ्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या त्याच्या दाराला, पाच वर्षांत तो चांगलाच सुतासारखा सरळ झाला होता. त्याने निमूटपणे विचारलं,

"घर नंबर?"

"तेवीस रिकामं आहे."

त्याने लिहिलं. तेवीस, आणि पुढे आपलं नाव. तेवढ्यात गाडी आली. गाडीवाल्याने पिशव्या मोजून आत टाकल्या, वहीत खूण केली आणि यज्ञेशला, गावकऱ्याला करावा तसा, वाकून नमस्कार केला. काकू पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारल्यासारखा हात नेऊन हसल्या.

संध्याकाळी ऑफिसात त्याने 'एक' हाच आकडा भरला. पाचच मिनिटांत सातो-सान टेबलाशी आले.

"यज्ञेश-सान, कचऱ्याच्या गाडीची नोंद दहा आहे. नगरपालिकेने तीच धरली. रस्ता चालू राहील."

चला, म्हातारीचं तरी भलं झालं, असं म्हणून तो घरी आला. दिवसभर पोटात काही नव्हतं. बायकोने, नयनाने, वरणभात वाढला, वर तूप, लिंबाची फोड. त्याने मोठा घास घेतला आणि चावला. चावत राहिला. भात, वरण, तूप, सगळं एकजीव झालं, तोंडातच कोमट झालं.

"काय रे, खारट झालंय का?" नयनाने विचारलं.

त्याने मानेनेच नाही म्हटलं. पाणी घेतलं, तेही ओठांच्या कडांतून परत आलं. मग तो उठला, ओट्याखालच्या पिशवीत तोंडातलं सगळं नीट थुंकलं, पिशवीला गाठ मारली, आणि खण उघडून मार्कर शोधू लागला.